गाळलेल्या प्रकरणाचं काम आता कोण करतंय?

आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट बघून बाहेर पडताना पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "अरे, ते तर दाखवलंच नाही!" तक्रार खरी असते, पण तिच्यावरून चित्रपट चांगला की वाईट हे कळत नाही. उत्तमातल्या उत्तम रूपांतरातही खूप काही गाळलेलं असतं. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: जो भाग गाळला तो मूळ कथेत काहीतरी काम करत होता, ते काम आता चित्रपटात कोण करतंय? कुणी करत असेल तर रूपांतर जमलं. कुणीच करत नसेल तर पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकालाही काहीतरी खटकतं, फक्त काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. (पुढे काही प्रसिद्ध कथांचे शेवट फोडले आहेत. त्याशिवाय हा विषय समजावता येत नाही.)

आधी गणित बघू. तीनशे पानांची कादंबरी म्हणजे साधारण ८०,००० शब्द. मिनिटाला १५० शब्दांच्या वेगाने ती मोठ्याने वाचली तर नऊ तास लागतात. पटकथेचा जुना हिशोब असा की ठरलेल्या मांडणीतलं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा १२० पानांची, आणि ती पानंही बरीच मोकळी असतात, कारण संवाद मधल्या अरुंद पट्ट्यात छापलेले असतात. एकूण शब्द वीस-पंचवीस हजारांच्या घरात. एक प्रसंग सरासरी दोन मिनिटांचा धरला तर हातात साठ प्रसंग येतात. जाडजूड कादंबरीत तेवढ्या घटना पहिल्या शंभर पानांतच होऊन जातात.

सगळंच दाखवायचा प्रयत्न झालेला आहे. एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने फ्रँक नॉरिस यांच्या १८९९च्या 'मॅकटीग' कादंबरीवरून 'ग्रीड' नावाचा मूकपट केला. त्याचं पहिलं संकलन आठ तासांच्या आसपास भरलं. स्टुडिओने कापत कापत ते दोन तासांवर थोडं एवढ्यावर आणलं आणि १९२४च्या अखेरीस प्रदर्शित केलं. कापलेला भाग कायमचा नष्ट झाला. आज तो चित्रपट अभिजात मानला जातो, पण त्यातली अख्खी उपकथानकं नाहीशी झाली आहेत. कापाकापी पटकथेच्या टेबलावर झाली नाही तर ती संकलनाच्या टेबलावर होते, आणि तिथे ती जास्त दुखते. पटकथेत एखादं पात्र काढलं तर त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवता येतं. चित्रीकरण झाल्यावर फक्त काढता येतं.

पानं आणि मिनिटं यांचं नातं मात्र सरळ नाही. वाड्याचं दोन पानी वर्णन कॅमेरा चार सेकंदांत उरकतो. उलट "सैन्याने रात्रीतून नदी ओलांडली" या चार शब्दांच्या वाक्याला चित्रीकरणाचे कितीतरी दिवस लागतात. त्याहून अवघड असतात सवयीची वाक्यं. "दर गुरुवारी तो तिच्या घरी जायचा, आणि हळूहळू त्यांच्यात बोलण्यासारखं काही उरेनासं झालं." लेखकाला हे एका ओळीत जमतं. कॅमेऱ्याला 'दर गुरुवारी' दाखवता येत नाही. त्याला एकच गुरुवार दिसतो, ठरावीक कपड्यांतला, ठरावीक उजेडातला. मग पटकथाकार दोन-तीन गुरुवारांचे तुकडे घेतो, जागा आणि कोन तोच ठेवतो आणि दर वेळी एकच गोष्ट बदलतो: खुर्च्यांमधलं अंतर, किंवा आधी कोण उठतं ते.

या अडचणीवरचं छान उत्तर पाचव्या हॅरी पॉटर चित्रपटात आहे. सात पुस्तकांत पाचवं सर्वांत जाड, आणि २००७ साली त्यावर आलेला चित्रपट १३८ मिनिटांचा, म्हणजे तोवरच्या पाचांत सर्वांत आखूड. पुस्तकात जादू मंत्रालयाने पाठवलेल्या अम्ब्रिज बाईंची शाळेवरची पकड शेकडो पानांतून घट्ट होत जाते. चित्रपटात शाळेचा रखवालदार शिडीवर चढून भिंतीवर फतव्यांच्या चौकटी ठोकत राहतो. दर थोड्या वेळाने भिंत आणखी भरलेली दिसते. मंत्रालय आणि जनमताची हालचाल वर्तमानपत्राच्या पानांवरून सरकते. पुस्तकप्रेमींची कितीतरी लाडकी प्रकरणं गेली, तरी दडपण वाढत चालल्याची जाणीव शाबूत राहिली, कारण ते काम भिंतीने केलं.

आता हे प्रत्यक्षात कसं करतात? पहिलं वाचन पेन्सिल न घेता, वाचकासारखं. कुठे थांबलो, कुठे पानं भराभर उलटली, एवढंच लक्षात ठेवायचं. दुसऱ्या वाचनात प्रत्येक घटनेचं एक कार्ड. कार्डावर काय घडलं हे एका ओळीत, आणि खाली त्यापेक्षा महत्त्वाच्या तीन नोंदी: या घटनेने कोणाला नवं काय कळलं, कोणाचं कोणाशी नातं बदललं, आणि पुढची कोणती घटना हिच्यावर उभी आहे. मध्यम कादंबरीची दोनशेच्या वर कार्डं सहज होतात. मग ती भिंतीवर लावायची आणि साठवर आणायची.

नवखा माणूस इथे आवडीनिवडीने कार्डं काढतो आणि फसतो. बरोबर रीत अशी की कार्ड काढण्याआधी त्याच्या तिन्ही नोंदी दुसऱ्या कुठल्या कार्डावर हलवता येतात का ते बघायचं. हलवता आल्या तर घटना कितीही सुंदर असली तरी जाऊ शकते. न आल्या तर कितीही कंटाळवाणी असली तरी तिची जागा भरावीच लागते. त्यानंतर पुस्तक मिटून कथा दोन-तीन पानांत आठवणीने लिहायची. जे आठवलं नाही ते बहुधा कण्याचा भाग नव्हतं. मग प्रसंगवार आराखडा, आणि संवाद सगळ्यात शेवटी. संवाद आधी लिहायला घेतले की पुस्तकातली वाक्यं सोडवत नाहीत आणि प्रसंग त्या वाक्यांभोवती वाकडे होतात.

काम हलवणं म्हणजे काय, हे 'जॉज'मध्ये स्वच्छ दिसतं. पीटर बेंचली यांची कादंबरी १९७४ची, स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट १९७५चा. कादंबरीत पोलिसप्रमुख ब्रोडीची बायको आणि शास्त्रज्ञ हूपर यांचे संबंध आहेत, शिवाय महापौर गुन्हेगारी टोळीच्या कर्जात अडकलेला आहे. दोन्ही धागे चित्रपटात नाहीत. पण ते करत काय होते? पहिल्या धाग्यामुळे शार्कच्या शोधात निघालेल्या छोट्या बोटीवर माणसामाणसांत तणाव होता. चित्रपटाने तो तणाव दोन ठिकाणी वाटून दिला: हूपर आणि कोळी क्विंट यांच्यातली श्रीमंत-गरीब, पुस्तकी-अनुभवी अशी खुन्नस, आणि ब्रोडीला वाटणारी पाण्याची भीती. दुसऱ्या धाग्याचं काम होतं समुद्रकिनारा बंद का करत नाहीत हे पटवणं. त्यासाठी सुट्टीच्या हंगामावर जगणाऱ्या गावाची धास्ती पुरेशी ठरली. ब्रोडी आता फसवला गेलेला नवरा नाही, भित्रा पण कर्तव्य न सोडणारा माणूस आहे, त्यामुळे शेवटी पाण्यात त्यानेच शार्क मारणं जास्त शोभतं. माझ्या मते हा चित्रपट कादंबरीपेक्षा सरस आहे आणि त्याचं निम्मं श्रेय या दोन वजाबाक्यांना जातं.

पात्रं एकत्र करण्याचं कारणही असंच. स्टीफन किंग यांच्या १९८२च्या ज्या दीर्घकथेवरून 'द शॉशँक रिडेम्प्शन' हा १९९४चा चित्रपट झाला, तिच्यात वर्षांगणिक तुरुंगाधिकारी बदलत जातात. खऱ्या तुरुंगात तसंच होईल. चित्रपटात मात्र नॉर्टन हा एकच अधिकारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. प्रेक्षकाचा राग साठायला एक चेहरा लागतो. तीन चेहऱ्यांत वाटलेला राग कुठल्याच चेहऱ्याला पुरत नाही. त्याच न्यायाने नाहक शिक्षा भोगणाऱ्या अँडीचं, म्हणजे नायकाचं, निर्दोषत्व सिद्ध करू शकणारा तरुण टॉमी कथेत दुसऱ्या तुरुंगात हलवला जातो, तर चित्रपटात त्याला गोळी घातली जाते. मूळ घटना जास्त संभवनीय आहे, चित्रपटातली जास्त ठळक. इथे रूपांतराची किंमतही दिसते: व्यवस्थेचा थंड कोडगेपणा कमी झाला आणि एका दुष्ट माणसाची गोष्ट वाढली.

मराठीत याच्या उलट दिशेचं उदाहरण आहे. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) अरुण साधू यांच्या एका कादंबरीवर उभा नाही. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, एवढ्या सगळ्यांना एका सूत्रात ओवायला सगळीकडे जाऊ शकणारा माणूस हवा होता, आणि पत्रकार दिगू टिपणीस ते काम करतो. पटकथेत अशा माणसाला सोन्याचं मोल असतं. त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, त्यामुळे प्रेक्षकाला द्यायची माहिती कुणी उगाच बरळल्यासारखी वाटत नाही.

सगळ्यांत अवघड काम मनातल्या गोष्टींचं. कादंबरी सरळ लिहिते, "त्याला तिचा हेवा वाटला." पडद्यावर हेवा दिसत नाही, हेव्यापोटी केलेली कृती दिसते. सोपा मार्ग म्हणजे पार्श्वभूमीवर निवेदन. ते कुठे चालतं आणि कुठे पडतं, याचा एक ढोबळ नियम आहे: निवेदक दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असेल तर बहुधा चालतं, स्वतःच्या भावना सांगायला लागला की चित्र आणि आवाज एकच गोष्ट दोनदा सांगू लागतात. 'शॉशँक'मध्ये सहकैदी रेड हा अँडीबद्दल बोलतो. अँडीच्या मनात काय चाललंय हे त्यालाही माहीत नाही, आणि त्या अज्ञानावरच शेवटचा धक्का उभा आहे. अँडीचं स्वतःचं निवेदन असतं तर एक तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं किंवा पळून जाण्याची योजना आधीच फुटली असती.

या बाबतीत 'सायको'पेक्षा चांगला धडा मिळणं कठीण. रॉबर्ट ब्लॉक यांची कादंबरी १९५९ची, आल्फ्रेड हिचकॉक यांचा चित्रपट पुढच्याच वर्षीचा. कादंबरीतला नॉर्मन बेट्स, म्हणजे कथेतला खुनी, चाळिशीचा, जाडा, फारसा न आवडणारा. चित्रपटात तो सडपातळ, लाजाळू, देखणा तरुण झाला. देखणा नट घ्यायचा म्हणून बदल केला, असं वाटू शकतं, पण कारण जास्त नेमकं आहे. कादंबरीत वाचक नॉर्मनच्या डोक्यात बसलेला असतो, त्यामुळे माणूस कसाही असला तरी त्याची बाजू कळते. चित्रपटात तो बाहेरूनच दिसतो. तिथे पहिल्या भेटीतच त्याच्याविषयी घृणा वाटली तर संशयाची सुई लगेच त्याच्याकडे वळेल. म्हणजे आत जाण्याची सोय गेली, तिचं काम चेहऱ्याला करावं लागलं. नॉर्मनच्या आईच्या बाबतीतही तसंच. ती मेलेली आहे हे शेवटपर्यंत लपवायचं असतं. कागदावर 'आई म्हणाली' एवढं लिहिलं की आई जिवंत होते. पडद्यावर आईला दाखवल्याशिवाय आहे असं भासवायचं, म्हणून बंद दाराआडून आवाज येतो, पडद्यामागे सावली हलते, आणि नॉर्मन तिला उचलून जिन्यावरून नेतो तेव्हा कॅमेरा थेट छताशी जाऊन खाली बघतो. तो कोन दिसायला रुबाबदार आहे, पण मुळात चेहरा लपवण्याची ती गरज आहे.

संवादांबद्दल थोडक्यात. कादंबरीतलं बोलणं डोळ्यांनी वाचायचं असतं. तिथे सहा ओळींचं वाक्य खपतं, कारण आपण त्याला आपल्या सोयीने श्वास देतो. नटाच्या तोंडी ते जड होतं. गाजलेली वाक्यं जशीच्या तशी घ्यायचा मोह झाला तर आधी ती उभं राहून मोठ्याने म्हणून बघावीत. पंधरा सेकंदांहून लांब गेलेलं वाक्य बहुतेकदा तुटतं. आणि दोन्ही पात्रांना माहीत असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगणं ("तुला आठवतंच असेल, आपले वडील वारले तेव्हा...") ही घाईघाईत केलेल्या रूपांतराची हमखास खूण.

लघुकथेवरून चित्रपट करताना प्रश्न उलटा होतो. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी'ला वाचायला अर्धा तासही लागत नाही. सत्यजित राय यांनी १९७७च्या चित्रपटात तिला लांबवलं नाही, तिच्या शेजारी दुसरी गोष्ट उभी केली. कथेत अवधचं राज्य जाणं ही पार्श्वभूमी आहे. चित्रपटात नवाब वाजिद अली शाह आणि इंग्रज रेसिडेंट यांचा डाव स्वतंत्रपणे चालतो, आणि दोन आळशी सरदारांचा पटावरचा डाव त्याच्याशी ताडून बघता येतो. शेवटही बदलला. प्रेमचंद दोघा मित्रांना एकमेकांच्या तलवारीने मारतात. राय त्यांना जगू देतात आणि इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडायला बसवतात. कथेतला मृत्यू त्यांच्या निरुपयोगी शौर्यावरचा शेरा होता. चित्रपटात तोच शेरा त्यांचं जगणं मारतं, आणि मला तो जास्त बोचरा वाटतो. नुसतं लांबवल्याने काय होतं ते बघायचं तर 'द हॉबिट' आहे: एका बेताच्या जाडीच्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट, मिळून जवळजवळ आठ तास. टॉल्किन यांच्या इतर लेखनातलं साहित्य आलं, नवी पात्रं आली, लढाया फुगल्या. पण त्यांतल्या कितीतरी घटना काढल्या तरी नायक बिल्बोच्या प्रवासात काहीच अडत नाही. कार्डाखालच्या तिन्ही नोंदी कोऱ्या.

शेवट बदलण्याचं प्रमाण इतकं का? कादंबरी उघड्या शेवटावर मिटली तर वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. चित्रपटगृहात ती मुभा नाही आणि निर्मात्याला त्याची भीती वाटते. आर. के. नारायण यांच्या 'द गाइड'मध्ये (१९५८) उपोषणाने खंगलेला राजू पाण्यात उभा राहून डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि खाली कलतो. पाऊस खरोखर आला का, हे लेखक सांगत नाही. १९६५च्या 'गाइड'मध्ये पाऊस धो धो कोसळतो आणि राजू संत होऊन मरतो. चित्रपट सुंदर आहे, गाणी तर आहेतच, पण मूळ प्रश्न असा होता की ढोंगी माणूस ढोंग करता करता खरा होऊ शकतो का. चित्रपट त्याचं उत्तर देऊन टाकतो. नारायण यांनी या रूपांतरावर तिरकस लेख लिहिला, त्यात नवल नाही.

हक्कांबद्दल एक गोष्ट वळसा न घेता सांगून टाकू. निर्माता सहसा आधी थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीसाठी पुस्तक राखून ठेवतो आणि चित्रपट खरोखर उभा राहिला तर उरलेली देतो. म्हणून 'हक्क घेतले' या बातमीनंतर कित्येकदा काहीच होत नाही. नावं बदलून सुटका होत नाही, हे १९२२च्या 'नोस्फेराटू'ने दाखवलं. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक केला, तरी 'ड्रॅक्युला'चे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा जिंकला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज बघता येतो.

मालिकेत जागा भरपूर असते, तेव्हा तिथे सगळं मावेल असं वाटतं. मावतं, पण प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला अडकवणारा क्षण लागतो आणि पुस्तकाची प्रकरणं त्या हिशोबाने लिहिलेली नसतात. मग दर पन्नास मिनिटांनी कुणीतरी दार ठोठावतं, फोन वाजतो, पिस्तूल निघतं. लांबीची अडचण सुटली की तालाची सुरू होते.

स्वतः तपासून बघायचं असेल तर चित्रपट बघितल्यावर गाळलेल्या पाच गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे तिच्यावर काय उभं होतं ते लिहा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांतून टॉम बॉम्बाडिल हे पात्र गेलं याची हळहळ चाहत्यांना वीस वर्षांहून जास्त काळ आहे, पण त्याच्या अवतीभवतीच्या प्रकरणात हॉबिटांना (कथेतल्या बुटक्या नायकांना) प्राचीन तलवारी मिळतात, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. पुढे त्यांच्यातला मेरी त्याच तलवारीने विच-किंग या बलाढ्य शत्रूवर वार करतो, आणि पुस्तक सांगतं की त्या शत्रूचं जादुई बळ मोडायला नेमकं तेच पातं हवं होतं. चित्रपटात त्यांचा वाटाड्या अॅरागॉर्न त्यांना साध्या तलवारी देतो. मेरीचा वार तिथेही लागू पडतो, पण आता ती निव्वळ हिंमत आहे, तिच्यामागचा इतिहास गेला. हे नुकसान झेपण्यासारखं होतं. सारुमानचं नव्हतं. दोन चित्रपटभर वाढवलेला हा खलनायक तिसऱ्या चित्रपटाच्या चित्रपटगृहातल्या आवृत्तीत दिसतच नाही, तो मनोऱ्यात कोंडलेला आहे असं सांगून विषय संपतो. त्याच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित झालेला होता. तो पुढे लांब आवृत्तीत आला, आणि तिथे बघितल्यावर कळतं की तिसऱ्या चित्रपटाची सुरुवात मूळच्या आवृत्तीत इतकी तुटक का वाटत होती.